लिनक्सवर यूएसबी ड्राइव्हचा माउंट पॉइंट स्वतः ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात सीताबर्डीला एक फोटो स्टुडिओ आहे आणि तेथील मुख्य संगणकावर उबंटू आहे. लग्नसराईतील फोटो आणि व्हिडिओ रोज रात्री क्रॉनमार्फत (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा), रूटच्या म्हणजे मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने, आरसिंक हा फाइल उतरवणारा प्रोग्रॅम वापरून बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर उतरवले जातात. असे दोन ड्राइव्ह आहेत. एक स्टुडिओत राहतो, दुसरा नंदनवनातील घरी, आणि दर सोमवारी त्यांची अदलाबदल होते. दोन्हींचे लेबल ‘संग्रह’ आहे. ड्राइव्ह लावला की तो कधी ‘/मीडिया/स्टुडिओ/संग्रह’ येथे उघडतो, तर कधी ‘/मीडिया/स्टुडिओ/संग्रह1’ येथे. बॅकअप यशस्वी झाल्याचे लॉग सांगतो, पण ड्राइव्ह पाहावा तर नव्या फाइल त्यावर नसतात. तेव्हा ड्राइव्ह नेहमी आपण ठरवलेल्या एकाच जागी यावा, यासाठी काय करावे?

उत्तरातील कमांड आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांतच टाकाव्यात.

उपायाकडे वळण्यापूर्वी नावामागे तो ‘1’ का लागतो हे समजून घ्यावे, कारण बहुधा तुमची स्क्रिप्टच तो लावते आहे. डेस्कटॉपवर ड्राइव्ह लावला की तो माउंट करण्याचे, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडून उघडण्याचे, काम यूडिस्क्स ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा करते. उबंटूवर ती ‘/मीडिया’ खाली तुमच्या लॉगिन नावाच्या फोल्डरमध्ये ड्राइव्हच्या लेबलाचा एक फोल्डर तयार करते (फेडोरासारख्या वितरणांत हीच जागा ‘/रन/मीडिया’ खाली असते), त्यावर ड्राइव्ह माउंट करते आणि ड्राइव्ह काढल्यावर तो फोल्डर पुसून टाकते. लेबल नसेल तर यूयूआयडी (फाइल सिस्टमचा स्वतःचा ओळखक्रमांक) वापरते, आणि त्या नावाचा फोल्डर तेथे आधीच असेल तर नावामागे आकडा जोडून नवा फोल्डर करते. आता कल्पना करा की सोमवारी ड्राइव्ह काढला, दुसरा आणायचा राहिला आणि रात्री क्रॉनने काम सुरू केले. आरसिंकला ‘/मीडिया/स्टुडिओ’ सापडते आणि त्यातील ‘संग्रह’ सापडत नाही, म्हणून तो स्वतःच त्या नावाचा फोल्डर तयार करतो. शेवटच्या पायरीचा फोल्डर नसल्यास तो करणे हे त्याचे नेहमीचे वागणे आहे, आणि रूट असल्याने त्याला कोणी अडवतही नाही. सगळे फोटो संगणकाच्या आतल्या डिस्कवर उतरतात. मंगळवारी ड्राइव्ह लावला की ‘संग्रह’ हे नाव अडलेले दिसते, म्हणून यूडिस्क्स त्याला ‘संग्रह1’ येथे बसवते. स्क्रिप्ट मात्र रोज इमानेइतबारे ‘संग्रह’ मध्येच लिहीत राहते, आणि तिच्या दृष्टीने सर्व काही यशस्वीच असते. मे महिन्यात वीज अचानक गेली आणि संगणक नीट बंद झाला नाही, तरीही ‘/मीडिया’ डिस्कवरच असल्यामुळे जुना रिकामा फोल्डर मागे उरू शकतो. परंतु तुमच्या लक्षणांवरून पहिले कारण अधिक संभवते.

खात्री करण्यासाठी ‘फाइंडएमएनटी -टी /मीडिया/स्टुडिओ/संग्रह’ ही कमांड चालवा. तो पाथ प्रत्यक्षात कोणत्या फाइल सिस्टमवर आहे, हे ती सांगते. उत्तरात यूएसबी ड्राइव्हऐवजी संगणकाचे रूट पार्टिशन दिसले, तर हरवलेले बॅकअप हरवलेले नाहीत, ते आतल्याच डिस्कवर आहेत. ते आत्ता हलवू नका. आधी ड्राइव्हची जागा पक्की करू आणि मग ते योग्य ठिकाणी नेऊ.

बरेच जण या टप्प्यावर यूडिस्क्सलाच वेगळा पाथ सांगण्याचा मार्ग शोधतात. तसा मार्ग नाही. ‘यूडिस्क्ससीटीएल माउंट’ या कमांडला माउंट पॉइंट देता येत नाही, आणि 2020 मधील 2.9 आवृत्तीपासून आलेल्या ‘माउंट_ऑप्शन्स’ या कॉन्फिगरेशन फाइलमधून माउंटचे पर्याय बदलता येतात, जागा नाही. यूडेव्ह या, जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या सेवेच्या नियमात ‘यूडिस्क्स_फाइलसिस्टम_शेअर्ड’ हे मूल्य 1 केले तर ड्राइव्ह लॉगिन नावाच्या फोल्डरऐवजी थेट ‘/मीडिया/संग्रह’ येथे येतो. यामुळे दुसऱ्या लॉगिनमधून तो दिसत नाही ही तक्रार दूर होते, पण आकडा चिकटण्याची तक्रार तशीच राहते. लेबलाच्या फोल्डरकडे सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे नेणारा दुवा) करून ठेवणे हा उपायही त्याच कारणाने कुचकामी आहे. यूडिस्क्स जिचा मान राखते अशी एकच जागा आहे, ती म्हणजे ‘/ईटीसी/एफएसटॅब’, कोणता ड्राइव्ह कोठे माउंट व्हावा हे लिहिलेली फाइल. ड्राइव्हची नोंद तेथे असेल, तर तुम्ही फाइल मॅनेजरमध्ये त्यावर क्लिक केले तरी यूडिस्क्स त्याला नोंदीतल्या जागीच माउंट करते.

जागा कोणती निवडावी? ‘/मीडिया/स्टुडिओ’ च्या आत आपला फोल्डर करू नये, कारण तेथे यूडिस्क्सचा कारभार चालतो. लिनक्सच्या फाइल रचनेच्या प्रमाणकानुसार ‘/एमएनटी’ ही प्रशासकाने तात्पुरते काही माउंट करण्याची जागा आहे. तेथे कायमचा ड्राइव्ह ठेवला तर काही बिघडत नाही, इतकेच. होम फोल्डरच्या आत मात्र मी कधीच सुचवणार नाही, कारण उद्या कोणी होमचाच बॅकअप घ्यायचे ठरवले तर बॅकअपच्या पोटात बॅकअप जाऊ लागेल. तुमच्या कामासाठी ‘/एसआरव्ही/संग्रह’ ठीक राहील. ‘सुडो एमकेडिर /एसआरव्ही/संग्रह’ असे करून फोल्डर तयार करा.

आता ड्राइव्हची ओळख. ‘एसडीबी1’ यासारखे नाव नोंदीत कधीही लिहू नये. मधल्या काळात एखाद्या ग्राहकाचा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर तेच नाव त्याला मिळालेले असू शकते. ‘एलएसबीएलके -एफ’ ही कमांड प्रत्येक पार्टिशनचे लेबल, यूयूआयडी आणि फाइल सिस्टमचा प्रकार दाखवते. एकच ड्राइव्ह असता तर मी डोळे झाकून यूयूआयडी वापरायला सांगितले असते. तुमचे ड्राइव्ह दोन आहेत आणि दोन्ही एकाच जागी यायला हवेत, त्यामुळे येथे एक अडचण येते: एकाच माउंट पॉइंटसाठी दोन यूयूआयडींच्या दोन ओळी एफएसटॅबमध्ये लिहिल्या, तर सिस्टमडी (संगणक सुरू करून सर्व सेवा सांभाळणारी यंत्रणा) त्यांतील एकीचेच माउंट युनिट, म्हणजे त्या माउंटची आपल्याकडील नोंद, तयार करते आणि दुसरी ओळ दुबार असल्याची तक्रार करते. म्हणून तुमच्या बाबतीत लेबल हीच ओळख योग्य आहे. दोन्ही ड्राइव्हना तुम्ही आधीच एकच लेबल दिले आहे, आणि ते एकाच वेळी लावले जात नाहीत. ज्या दिवशी दोन्ही एकत्र लावाल, त्या दिवशी कोणता माउंट होईल याची हमी नाही, एवढे पथ्य पाळावे. लेबल बदलायचे असल्यास उबंटूच्या डिस्क्स या ॲपमधून बदलता येते. एक्सफॅट या, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणाऱ्या फाइल सिस्टमवर ते 11 अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही, आणि इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवलेले बरे.

विंडोज असलेल्या एडिटिंगच्या संगणकावरही हे ड्राइव्ह लावावे लागतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा ते एक्सफॅटमध्ये आहेत असे गृहीत धरतो. एफएसटॅबच्या शेवटी पुढील ओळ घालावी. ती एकाच ओळीत असायला हवी आणि पर्यायांच्या स्वल्पविरामानंतर जागा सोडू नये:

लेबल=संग्रह /एसआरव्ही/संग्रह एक्सफॅट नोफेल,नोएटाइम,यूआयडी=1000,जीआयडी=1000,एफमास्क=0133,डीमास्क=0022,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=10एस,एक्स-जीव्हीएफएस-शो 0 0

यातील ‘नोफेल’ विसरू नका. ऑटोमाउंट आणि टाइमआउट नसलेल्या साध्या नोंदीत हा शब्द नसेल आणि संगणक सुरू होताना ड्राइव्ह लावलेला नसेल, तर सिस्टमडी आधी 90 सेकंद वाट पाहते आणि नंतर संगणक नेहमीप्रमाणे सुरू न होता आपत्कालीन मोडमध्ये अडकतो. सकाळी स्टुडिओ उघडणाऱ्या मुलाला काळ्या पडद्यावर आपत्कालीन मोडची ओळ दिसली, की तो संगणक बिघडला असेच समजणार.

यूआयडी आणि जीआयडी यांची गरज एक्सफॅट, फॅट आणि एनटीएफएस यांनाच असते, कारण लिनक्सला समजेल अशी फाइलची मालकी त्यांच्यात साठवली जात नाही; माउंट करणारा रूट असेल तर सर्व फाइल रूटच्याच दिसतात आणि स्टुडिओच्या लॉगिनला त्यावर लिहिता येत नाही. तुमचे आकडे ‘आयडी’ या कमांडने पाहून घ्या. उबंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा आकडा साधारणपणे 1000 असतो. एफमास्क आणि डीमास्क यांनी फाइल आणि फोल्डरांच्या परवानग्या ठरतात. कधी ड्राइव्ह ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टममध्ये फॉरमॅट केलात तर हे चारही पर्याय काढून टाका, कारण ईएक्सटी4 त्यांना ओळखत नाही आणि माउंटच नाकारते. तेथे ड्राइव्ह माउंट झाल्यानंतर ‘सुडो सीएचओन स्टुडिओ:स्टुडिओ /एसआरव्ही/संग्रह’ एकदा चालवले की पुरे. हे माउंट करण्यापूर्वी चालवले तर मालकी रिकाम्या फोल्डरची बदलते, ड्राइव्हची नाही. इंटरनेटवर विचारल्या जाणाऱ्या परवानग्यांच्या निम्म्या प्रश्नांचे मूळ तेथेच असते असे मला वाटते.

‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ का, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. पूर्वी एफएसटॅबमध्ये नोंद असलेला ड्राइव्ह नंतर केव्हाही लावला तरी सिस्टमडी तो आपोआप माउंट करत असे. 2019 मधील 242 व्या आवृत्तीपासून ते बंद झाले; नुसता ड्राइव्ह लावल्याने त्याचे माउंट युनिट सुरू होत नाही. जुने लेख वाचून केवळ नोफेल लिहिणाऱ्यांचा ड्राइव्ह संगणक सुरू होताना येतो, पण दुपारी काढून पुन्हा लावला की येईलच असे नाही, याचे कारण हे. ऑटोमाउंट असल्यास त्या पाथवर कोणीही, अगदी रात्री दोन वाजता क्रॉननेही, पाऊल ठेवले की त्या क्षणी ड्राइव्ह माउंट होतो, कोणी लॉगिन केलेले असो वा नसो. ड्राइव्हच नसेल तर डिव्हाइस-टाइमआउटमध्ये दिलेल्या दहा सेकंदांनंतर त्रुटी मिळते. शेवटचा ‘एक्स-जीव्हीएफएस-शो’ हा पर्याय फक्त फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ड्राइव्ह दिसावा म्हणून आहे. अखेरचे दोन शून्य जसेच्या तसे ठेवा.

फाइल जतन केल्यावर संगणक लगेच रीस्टार्ट करू नका. आधी ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवून नोंदीत चूक नाही ना हे तपासा, मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट लोकल-एफएस.टार्गेट’ चालवा. ड्राइव्ह आधीच ‘/मीडिया’ खाली उघडलेला असेल तर तेथून तो अनमाउंट करून मग ‘एलएस /एसआरव्ही/संग्रह’ करा. आतील फोल्डर दिसले, की जागा ठरली. टर्मिनल नको असेल तर डिस्क्स ॲपमध्ये पार्टिशन निवडून, गिअरच्या चिन्हाखालील माउंट ऑप्शन्समध्येही हेच भरता येते. ते ॲपही शेवटी एफएसटॅबमध्येच ओळ लिहिते.

येथपर्यंत पाथ ठरला, परंतु तुमचा मूळ आजार पाथ बदलण्याचा नव्हताच. ड्राइव्ह नसतानाही लिहिता येत होते, हा खरा आजार होता, आणि स्वतः ठरवलेल्या माउंट पॉइंटमुळे तो उलट बळावू शकतो, कारण ‘/एसआरव्ही/संग्रह’ हा फोल्डर आता ड्राइव्ह असो वा नसो, कायमच असणार आहे. ड्राइव्हशिवाय त्यात काही लिहिले गेले, तर ते आतल्या डिस्कवर जाईल, आणि नंतर ड्राइव्ह वर माउंट झाल्यावर त्याच्याखाली दडून जाईल. डिस्क भरत चालल्याचे दिसेल, पण कशाने भरली ते दिसणार नाही. ऑटोमाउंट चालू असेपर्यंत हे होत नाही, पण ते कायम चालूच राहील यावर विसंबू नये. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत.

पहिला उपाय म्हणजे रिकाम्या फोल्डरलाच कुलूप लावणे. ड्राइव्ह काढा, ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप एसआरव्ही-संग्रह.ऑटोमाउंट’ ने ऑटोमाउंट थांबवा (येथे युनिटचे नाव पाथवरूनच बनते), फोल्डर रिकामा असल्याची खात्री करा आणि ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/संग्रह’ चालवा. या गुणधर्मामुळे त्या फोल्डरमध्ये रूटलाही नवी फाइल करता येत नाही. त्यावर ड्राइव्ह मात्र नेहमीसारखा माउंट होतो आणि ड्राइव्हवरील लिखाणावर काहीही परिणाम होत नाही. त्यानंतर याच कमांडमध्ये ‘स्टॉप’ च्या जागी ‘स्टार्ट’ लिहून ऑटोमाउंट पुन्हा सुरू करा.

दुसरा उपाय स्क्रिप्टमध्ये करायचा आहे. ‘माउंटपॉइंट -क्यू’ ने तपासावे असे बहुतेक ठिकाणी सुचवले जाते, आणि साध्या नोंदीसाठी ते बरोबरही आहे. पण ऑटोमाउंटच्या बाबतीत ती कमांड फसवते, कारण ड्राइव्ह नसतानाही त्या फोल्डरवर ऑटोएफएस (ऑटोमाउंटसाठी तेथे पहारा देणारी फाइल सिस्टम) हा स्वतःच एक माउंट असतो आणि उत्तर होकारार्थी येते. त्याऐवजी दोन्ही ड्राइव्हवर ‘स्टुडिओ-बॅकअप.ओके’ नावाची रिकामी फाइल ठेवा आणि आरसिंकच्या आधी ही ओळ घाला:

टेस्ट -एफ /एसआरव्ही/संग्रह/स्टुडिओ-बॅकअप.ओके || एक्झिट 1

फाइल शोधण्याच्या निमित्ताने ड्राइव्ह माउंटही होतो आणि तो आपलाच असल्याची खातरजमाही होते. तुमच्या आरसिंकमध्ये ‘--डिलीट’ (मूळ जागी नसलेल्या फाइल ड्राइव्हवरून पुसणारा पर्याय) आहे असे दिसते. लेबलावर ओळख ठेवली असताना त्याच लेबलाचा एखाद्या ग्राहकाचा ड्राइव्ह चुकून लागला, तर ही एक ओळ नसल्यास त्यावरील सर्व काही पुसले जाईल. एक्झिटच्या आधी स्वतःला मेल पाठवण्याची ओळ घालता आली तर उत्तम.

यूडेव्हच्या नियमात थेट माउंट कमांड लिहिण्याचा सल्ला अजूनही फिरत असतो, तो घेऊ नका. यूडेव्हची सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या स्वतंत्र यादीसह, चालते, त्यामुळे तेथे झालेले माउंट बाकीच्या संगणकाला दिसतच नाही. त्या वाटेने जायचेच असेल तर नियमातून सिस्टमडीचे युनिट सुरू करावे लागते, आणि तुम्हाला त्याची गरज नाही. गरज पडते ती झेरॉक्स सेंटरसारख्या ठिकाणी, जेथे ड्राइव्ह कोणाचाही असो, पण समोरच्या ठरावीक पोर्टमध्ये लावलेला प्रत्येक ड्राइव्ह एकाच जागी यायला हवा असतो. तेथे लेबल किंवा यूयूआयडीऐवजी ‘/डेव्ह/डिस्क/बाय-पाथ’ मधील पोर्टनिहाय नाव वापरतात आणि फाइल सिस्टमच्या प्रकाराच्या जागी ‘ऑटो’ लिहितात.

सोमवारी ड्राइव्ह काढताना आधी त्या फोल्डरच्या सर्व खिडक्या बंद करा, नाहीतर फाइल मॅनेजर पुन्हा त्या पाथला हात लावेल आणि ऑटोमाउंट ड्राइव्ह परत चढवेल. मग ‘सुडो यूमाउंट /एसआरव्ही/संग्रह’ एकदाच चालवा. मोठे व्हिडिओ नुकतेच उतरले असतील तर कर्सर परत यायला वेळ लागतो, कारण मेमरीत थांबलेला डेटा तेव्हा ड्राइव्हवर जात असतो. घाई करू नये. हीच कमांड दुसऱ्यांदा चालवलीत तर खालचा ऑटोएफएसही निघून जातो आणि पुढचा ड्राइव्ह आपोआप येत नाही, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे ऑटोमाउंट पुन्हा सुरू करावे लागते. यूमाउंटनंतर ‘यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी’ आणि ड्राइव्हचे त्या वेळचे नाव दिले की ड्राइव्हचा वीजपुरवठा थांबतो आणि तो काढता येतो. वीज जाऊन ड्राइव्ह अर्धवट सुटला, तर पुढच्या वेळी कर्नलच्या लॉगमध्ये तो नीट अनमाउंट न झाल्याची सूचना येते. अशा वेळी माउंट न करता ‘एफएससीके.एक्सफॅट’ चालवून घ्यावे.

आता आतल्या डिस्कवर अडकलेले फोटो. स्क्रिप्टमधील पाथ बदलून झाला आणि ड्राइव्ह नव्या जागी माउंट झाला, की ‘सुडो आरसिंक -आरटीव्ही /मीडिया/स्टुडिओ/संग्रह/ /एसआरव्ही/संग्रह/’ चालवा, आणि दोन्ही पाथच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका. येथे ‘--डिलीट’ अजिबात नको. काम झाल्यावर तीच कमांड ‘-एनसी’ जोडून पुन्हा चालवा. ती काहीही न हलवता दोन्हीकडच्या फाइलचा मजकूर ताडून पाहते आणि यादीत एकही फाइल आली नाही तर प्रत पूर्ण आहे. त्यानंतरही जुना फोल्डर लगेच पुसू नका. त्याचे नाव ‘संग्रह-जुना’ करा, दुसरा ड्राइव्ह आणून त्यावरही हेच करा, आणि मगच तो काढून टाका.